खाली ओ द्यायची नसते

ते प्रकरण काही डोक्यातून जात नाही. देगलूरकडच्या एका ठाण्यात मी सहायक फौजदार होतो. एका गावातून फोन आला, "साहेब, मेव्हण्यानं दाजीला इहिरीत मारलं. बिघडलेला डबा देऊन उतरवलं." नाव न सांगताच फोन ठेवला.

गेलो. जुनी खोल विहीर. आत डिझेलचं इंजिन चालवून हवा खराब झालेली. कंदील सोडला की विझायचा. तरी बंद पडलेलं इंजिन काढायला मेलेला पोरगा, म्हणजे फोनवरचा दाजी, उतरला, कारण त्याच्याकडे डबा होता. त्याच्या बायकोचा भाऊ, तोच हा मेव्हणा, तेलंगणात कोळशाच्या खाणीत कामाला. सुट्टीवर येताना त्यानं आणलेला. खाणीत विषारी वायू झाला की कामगार डब्याची नळी तोंडात धरतो, नाकाला चिमटा लावतो आणि डब्यातल्या हवेवर बाहेर पडतो.

पंचनामा केला. वर काढलेल्या प्रेताच्या छातीवर नळी लोंबत होती, चिमटा मात्र नाकावरच. हे मला खटकलं. गुदमरणारा माणूस आधी नाक मोकळं करतो.

मेव्हण्याला ठाण्यात बसवलं. दोघांचं लग्नात मानपानावरून वाजलं होतं, गावाला तेवढं पुरे.

"डबा कुठून आणला?"

"इकत घेतला, साहेब."

"कुठल्या दुकानातून? बांगड्यांच्या?"

रडायलाच लागला. खाणीचा डबा बाहेर न्यायला मनाई, नोकरी जाईल म्हणून खोटं बोलला. मग नीट सांगितलं. "नळी तापते, साहेब. तापली म्हणजे डबा चालून राहिला. तापली तरी काढायची न्हाई. बोलायचं तर मुळीच न्हाई. खाणीत आमी बत्ती हलवून बोलतो. हे समदं दाजीला सांगून मी इंजिन वढायला ट्रॅक्टर आणाया गेलतो."

मेलेल्याचा बाप दारातच होता. "झूट बोलून राहिला! डबा नासका होता. आत घाला ह्याला."

म्हटलं, "बाबा, बसा. तुमचा जबाब घेतो."

"मी वर व्हतो. इहिरीत उतरलेल्याला वरून हाक मारायची, त्यानं ओ द्यायची, ही आमची रीत. ओ न्हाई आली की दोर वढायचा. मी हाक मारली, त्यानं ओ दिली. परत मारली, परत दिली. मग येईना. वढला तर..."

"ओ दिली? तोंडानं?"

"मग कशानं? लई मोठ्यानं दिली की."

मेव्हण्यानं मान खाली घातली. त्याला कळलं, मलाही कळलं. ओ देण्यासाठी पोरानं नळी काढली होती. दुसऱ्यांदा ती परत तोंडात धरायला शुद्ध राहिली नाही. पुढं तपासणीत डबा चांगला निघाला.

जबाब वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घेत नाहीत. वाचला. म्हातारा म्हणाला, "बराबर हाय. मग डबा नासका न्हवता म्हणता?"

"नसावा."

"मग?"

लपवून काय करू? म्हटलं, "बाबा, नळी काढल्याबिगर ओ देता येत नाही."

म्हाताऱ्यानं शाईचं पॅड जवळ ओढलं. मग अंगठा पुढं केला. उठताना मेव्हण्याला म्हणाला, "चल घरी. तुझी बहीण एकटी हाय."

खुनाचा संशय मिटला, अकस्मात मृत्यूची नोंद राहिली. डब्याचं खाणीला कळवलं, तिथं काय झालं तो आमचा विषय नव्हता.

मी फार शिकलेला नाही. पण एवढं समजलं, की नियम उतरणाऱ्याला सांगून भागत नाही, वर उभा राहणाऱ्यालाही सांगावा लागतो. म्हाताऱ्याला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. आमची मंडळी वारल्यापासून मीसुद्धा घरात हाक मारतोच, ओ येणार नाही हे माहीत असून. नियम करणाऱ्यांनी एवढं धरून चालावं, वरचा माणूस हाक मारणारच.