उसवणकाकूंचा जाळीचा स्वेटर

अकोल्याला जठारपेठेत आमच्या शेजारी राहणाऱ्या काकूंना सगळी गल्ली उसवणकाकू म्हणायची. अर्थात त्यांच्या माघारी. कुणाचंही विणकाम हातात आलं की त्या आधी ते उलटं करत, आतली बाजू चष्म्याजवळ नेऊन पाहत आणि चूक दिसली की सुई ओढून सरळ उसवायला लागत. विचारणं वगैरे भानगड नाही. माझ्या आईच्या अर्ध्या मफलरचा त्यांनी चहा यायच्या आत गुंडा करून टाकला होता. आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी नव्याने टाके घालून घ्यायला मात्र त्यांच्याकडेच गेली.

काकू सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. तरुणपणी काही वर्षं त्यांची बदली चिखलदऱ्याला झाली होती. तिथल्या थंडीत सोबतच्या एका नर्सबाईंनी त्यांना सुया धरायला शिकवलं, ते वेड पुढे सुटलंच नाही. अकोल्याच्या उन्हाळ्यात आमचे हात हातपंख्याला पुरत नसत आणि ही बाई लोकर घेऊन बसलेली असे. कुणी हसलं की म्हणायच्या, "थंडी पाहून इनाचं नसते. थंडी येते तवा स्वेटर तयार पायजे."

मला स्कॉटलंडला शिकायला प्रवेश मिळाला तेव्हा गल्लीतून परदेशी निघालेली मी पहिलीच होते. सगळ्यांनी पेढे खाल्ले, काकूंनी माझ्या छातीचं माप घेतलं. त्या देशात विणकामाचं मोठं कौतुक आहे, एवढं त्यांनी कुठूनतरी ऐकलं होतं. स्वेटर जाळीचा ठरला, पिंपळपानाच्या नक्षीचा, मोतिया रंगाचा. इतकी भोकं असलेला स्वेटर त्या थंडीत काय कामाचा, असं बाबांनी भीत भीत विचारलं.

"गरम व्हाले कोट घेऊन द्या तिले," काकू म्हणाल्या. "हा दिसाले आहे. तिकडल्या बायकाईले समजलं पायजे, पोरगी कुठून आली ते."

पाठीचा भाग जानेवारीत झाला. मग काकूंच्या बहिणीचं अमरावतीला ऑपरेशन झालं, त्यात दोन-तीन महिने गेले. बाह्या आणि पुढचा भाग त्यांनी एप्रिल-मे महिन्यात कूलरसमोर बसून विणले. मे संपता संपता जोडायला म्हणून सगळं पलंगावर अंथरलं आणि काकू टाके मोजायला लागल्या. टाके अगदी सारखे, पण पुढचा भाग पाठीपेक्षा चांगला चार बोटं अरुंद. हाताला घाम, त्यात कूलरचा ओलावा. लोकर सुईवरून सरकेना, म्हणून प्रत्येक टाका आवळून पडला होता. बाह्यांचं निभावलं असतं, पुढच्या भागाचं नाही. माझं विमान तीन आठवड्यांवर होतं.

आई म्हणाली, ओढून शिवू, कुणाला कळतं. काकूंनी तिच्याकडे असं पाहिलं की ती स्वयंपाकघरात निघून गेली. "ओढलं का पिंपळाच्या पानाचं वांगं होते," म्हणत त्यांनी तो अख्खा भाग उसवला. मला रडू आलं. मला तो स्वेटर घालूनच जायचं होतं. तोवर माझ्याही डोक्यात बसलं होतं की तो अंगात असला तर तिकडे माझं काही बिघडणार नाही.

आता पुन्हा विणायचं तर जानेवारीचा हात आणायचा कुठून? त्याचं उत्तर काकूंनी दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरून दिलं. आम्ही दोघी बसने परतवाड्याला गेलो, तिथून जीपने घाट चढून चिखलदऱ्याला. त्यांची ती जुनी नर्सबाई अजून तिथेच राहत होती. घाम येऊ नये म्हणून स्वेटर विणायला डोंगर चढलेली दुसरी बाई वऱ्हाडात झाली नसेल.

आठ दिवस पहाटे पाचला काकू व्हरांड्यात बसत. ऊन चढलं की सुया बाजूला, उतरलं की परत हातात. रोज पाठीचा भाग वर ठेवून रुंदी ताडून पाहायचं काम माझं. ती बरोबर येत होती आणि आम्ही खुशीत होतो. सहाव्या दिवशी मला एका पानाच्या मधली शीर सरकलेली दिसली, वीसेक ओळी खाली. काकूंना दिसली नव्हती. मी अख्खी दुपार गप्प बसले. निघायला दोनच दिवस उरले होते, आणि खरं सांगायचं तर ते कुणालाही दिसलं नसतं. संध्याकाळी मला राहवेना, मी सांगून टाकलं. काकूंनी ती शीर पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं आणि सुया माझ्या हातात दिल्या.

"आता तूच उसव."

मी उसवलं. त्यांनी दीड दिवसात ते भरून काढलं. अकोल्याला परत येऊन स्वेटर जोडला तेव्हा दोन्ही कडा अशा बसल्या, की आईने काकूंना जेवायलाच थांबवून घेतलं. स्टेशनवर भर जून महिन्यात मी तो अंगात घालून उभी होते. घामाने निथळत होते, लोक वळून पाहत होते, आणि काकू ऐटीत माझ्या शेजारी.

काकू गेल्या त्याला आता दोन वर्षं झाली. त्यांच्या सुया माझ्याकडे आहेत आणि त्यांची खोडही. दुसऱ्याचं विणकाम मी आधी उलटं करते. फार आठवण आली की मला स्कॉटलंडमधल्या पहिल्या हिवाळ्यातला एक फोन आठवतो. लोकरीच्या एका दुकानातल्या म्हाताऱ्या मालकीणबाईंनी माझ्या स्वेटरचा काठ बोटात धरला होता. हा विणणारी राहते तिथे थंडी किती असते, असं त्यांनी विचारलं. मी खरं सांगितलं, तर त्यांचा विश्वासच बसेना. दुकानातून बाहेर पडताच मी काकूंना फोन लावून हे सगळं सांगितलं.

"उलटी बाजू पायली का तिनं?"

"पाहिली, काकू. बराच वेळ. मग काही न बोलता मुलीला आतून बोलावून दाखवली."

"मंग परत जाय अन् सांग तिले," काकू म्हणाल्या, "समोरचा भाग दोनदा इनला मनून."