भावाची वाइन, माझं नाक

माझ्या धाकट्या भावाला वास यायचा बंद झाला तो स्कूटरवरून पडून. डोक्याला मार लागला, टाके पडले. बाकी सगळं जागेवर आलं, पण वास काही येईना. डॉक्टर म्हणाले, परत येईलही, कदाचित येणारही नाही, वर्षभर वाट बघा. वर्ष होत आलं. आता तो डॉक्टरांना विचारतही नाही.

दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर एवढं बिघडलं नसतं. भाजी करपलेली कळली नसती, दूध नासलेलं कळलं नसतं, इतकंच. पण हा प्रवासी जहाजांवर नोकरीला होता, जेवणाच्या हॉलमध्ये वाइन वाढायच्या कामावर. आधी नुसता ट्रे उचलायचा, पुढे लोक त्याला विचारून बाटली ठरवायला लागले. आमच्या मंगळवार पेठेत 'बोटीवर असतो' एवढंच सगळ्यांना माहीत. दारू वाढतो हे कशाला सांगायचं, असं आईचं म्हणणं होतं.

एकेका सुट्टीत एक अशा करत त्याने चार बाटल्या घरी आणल्या. फ्रान्समधली तांबडी वाइन, भारीतली आणि खूप जुनी. त्यातली सगळ्यात जुनी साधारण माझ्या वयाची. आमच्या घरात माझ्या वयाचं दुसरं काही एवढं जपलेलं नाही. बाटल्यांसाठी त्याने काचेच्या दाराचा छोटा फ्रीज घेतला आणि वरच्या खोलीत ठेवला. कधी उघडणार म्हणून विचारलं की म्हणायचा, "बघू, घाई काय हाय?"

अपघात झाला तो उन्हाळ्याच्या तोंडावर. दवाखान्यातून सुटल्यावर त्याला जिने चढायला मनाई होती, म्हणून नवरा-बायको दोघंही उचगावला माझ्याकडे राहिले, पार पाऊस लागेपर्यंत. निघताना भावजयीने घर बंद केलं आणि मेन स्विच खाली पाडला. मीही तेच केलं असतं. परत गेले तेव्हा फ्रीज बंद, खोली बंद, वर स्लॅब. सगळा उन्हाळा बाटल्यांनी तिथे काढलेला. भाऊ तिला एक शब्द बोलला नाही. तीच माझ्याजवळ म्हणाली, "वन्सं, घर बंद करताना मेन पाडायचा न्हाय तर काय चालू ठेवायचा?"

तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच. बाटल्या जगल्या की मेल्या? पूर्वी त्याने एक बाटली उघडून नुसता वास घेतला असता आणि सांगितलं असतं. आता उघडून उपयोग नव्हता. म्हणून नाक परत येईपर्यंत थांबायचं असं त्याने ठरवलं. अधूनमधून बाटली बाहेर काढायचा, उजेडात धरायचा, परत आत ठेवायचा. मी हे महिनोन्महिने बघितलं. या थंडीत एकदा गेले तेव्हा परत तेच चाललेलं.

मी म्हटलं, "अरे, पुढचा उन्हाळा आला. नाक येईल तेव्हा येईल. ह्या काय तुझ्यासाठी थांबणार हायत?"

"मग वास कोण घेणार? ही?" त्याने बायकोकडे बोट केलं.

"मला कशाला मधी घेताय?" ती म्हणाली.

"मी घेते की," मी म्हटलं.

माझा उचगावात मिरची कांडायचा डंक आहे. पोत्यात हात घालून नाकाशी नेला की मिरची नवी की जुनी, कुठे ओल लागली, चमक यायला तेल चोळलंय का, एवढं मला कळतं. रोजचं काम आहे, न कळून कसं चालेल? भाऊ हसला. "मिरची आणि वाइन?"

"नाक एकच असतंय."

दोन बाटल्या उघडायच्या ठरल्या. त्याने त्या चार दिवस आधी उभ्या करून ठेवल्या, गाळ तळाला बसावा म्हणून. मला फोनवर सूचना आल्या. पान खायचं नाही, अत्तर-पावडर नाही, सकाळी तिखट नाही. डंकावर तर जायचंच नाही. तरी रविवारी पोचल्यावर त्याने मला दारातच थांबवलं. "आक्का, साडी बदल. चटणीचा वास येतोय."

"तुला येतोय?"

"मला न्हाय. पण येत असणारच."

भावजयीने तिची साडी काढून दिली. ती वैतागलेली होती, कारण सकाळपासून त्याने गॅसवर काही करू दिलं नव्हतं. "आज घरात फोडणी बंद," ती म्हणाली. "सुतक पडल्यागत."

पहिल्या बाटलीचं बूच निम्म्यात तुटलं, उरलेल्याचा भुगा आत पडला. फडक्यातून गाळून घेतली. रंग विटकरीसारखा. मी ग्लास नाकाशी नेला आणि लगेच खाली ठेवला. "व्हिनेगर. आणि शिजवून आटवलेल्या मनुका. ही गेली."

त्याने घोट घेतला. आंबट, तुरट, कडू हे त्याला जिभेवर कळतं, तेवढं राहिलंय. "व्हय. गेली."

दारात उभी असलेली भावजय आत वळली. त्याने तिला ऐकू जाईल असं म्हटलं, "मेन पाडल्यामुळं न्हवं गं. ही आधीपासनंच थकलेली होती." खरं होतं की नाही मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

दुसरी बाटली सगळ्यात जुनी. हिच्यासाठीच तो थांबला होता, हे तो स्क्रू किती जपून फिरवत होता त्यावरून कळत होतं. बूच मात्र अख्खं निघालं, लांबलचक. बाटलीच्या मानेमागे टॉर्च धरून त्याने हळूहळू ओतली, आपण बेरी खाली ठेवून वरचं तूप काढतो तशी. गाळ मानेशी आला तसा थांबला.

मी वास घेतला. आधी काहीच नाही, बंद खोलीसारखं. मग आलं. मी म्हटलं, "तंबाखू. ओली न्हवं, चंचीतली. आणि वाळलेली जांभळं."

तो सरसावून बसला. "पेन्सिल तासल्यावर येतो तो वास?"

"व्हय, तोच. मला आठवत नव्हता."

"गुलाब? वाळलेला?"

काहीतरी फुलासारखं असावं असं वाटलं. "हाय," मी म्हटलं.

वर्षभरात त्याचा चेहरा असा बघितला नव्हता. दवाखान्यातून आल्यापासून जेवताना तो पेपर वाचतो. ताटात काय आहे याच्याशी त्याला घेणंदेणं नसतं. आता डोळे मिटून विचारत होता.

"भाजलेलं खोबरं?"

"थोडं हाय."

त्याने डोळे उघडले, ग्लास खाली ठेवला. "ह्या वाइनीत खोबरं नसतंय आक्का. मी मुद्दाम विचारलं."

मीही माझा ग्लास खाली ठेवला.

"गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून जुनी मिरची नवी म्हणून सांगतीस व्हय?"

"न्हाय."

"मग मला का सांगतीस? मला बरं वाटायला नको हाय. काय हाय ते पाहिजे."

खरंच होतं. आमच्या डंकावर असं कुणी केलं असतं तर मी त्याला कामावरून काढलं असतं. मी पाण्याने चूळ भरली, ग्लास परत उचलला आणि या वेळी त्याच्या तोंडाकडे बघितलंच नाही.

"तंबाखू हाय. पेन्सिल हाय. गुलाब न्हाय, तू म्हणालास म्हणून म्हटलं. जांभूळ मघापेक्षा कमी. खाली काहीतरी कुजल्यासारखं हाय, पण घाण न्हवं. पन्हाळ्याच्या झाडीत पाला पडून राहतो तसं. आणि लोखंड. तापल्या तव्यावर पाणी मारल्यावर येतं ते."

"बरोबर," तो म्हणाला. त्याने घोट घेऊन बराच वेळ तोंडात धरला. "तुरटपणा पार मऊ झालाय. आंबट नीट हाय, टोचत न्हाय. तू सांग, लवकर. एवढी जुनी वाइन हवा लागल्यावर फार वेळ थांबत न्हाय."

आम्ही बोलत होतो आणि ती खरंच जात होती. असं मी मिरचीत कधी बघितलं नव्हतं. तिथे वास उतरायला महिने लागतात. इथे ग्लास फिरवून परत नाक घालावं तर काहीतरी कमी झालेलं.

"जांभूळ गेलं," मी म्हटलं.

"तंबाखू?"

"हाय. कमी झाली." थोड्या वेळाने, "तीबी गेली."

"पेन्सिल?"

"हाय अजून. थांब. न्हाय, गेली."

तो प्रत्येक वेळी मान हलवत होता. डोळे उघडे ठेवून, सगळं नीट ऐकून घेत. भावजय येऊन बसली. त्याने तिला थोडी ओतून दिली. तिने जिभेला लावून तोंड वाकडं केलं. "ह्याच्यासाठी एवढा खटाटोप?"

"तू उशिरा आलीस," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "आता?"

"आता काही न्हाय. लाल पाणी."

ग्लासात उरलेलं त्याने पिऊन टाकलं. "म्हणजे जित्ती हुती," तो म्हणाला. "उन्हाळा काढून पण हुती."

मी साडी बदलून निघायच्या तयारीत बाहेर आले. मला वाटलं, उरलेल्या दोन बाटल्या आता नाक येईपर्यंत तशाच राहणार, आणि खरं सांगायचं तर त्याबद्दल मी काही बोलणार नव्हते. पण तो वर जाऊन एक बाटली घेऊन आला होता आणि कपाटाच्या कोपऱ्यात ती उभी करत होता.

मी म्हटलं, "नाक आलं तर?"

"आलं तर येऊ दे. तवर ही राहायची न्हाय." त्याने बाटलीभोवती टॉवेल गुंडाळला, उजेड लागू नये म्हणून. "पुढच्या रविवारी ये. आणि सर्दी घेऊन येऊ नकोस."