तीनदा घेतलेलं माप

सुर्वे मॅडमना मी बसून जेवताना कधी पाहिलं नाही. भाईंदर पूर्वेला आमचं पोटविकारांचं छोटं इस्पितळ. दुपारी आम्ही डबे उघडून बसलो की त्या चपातीचा तुकडा तोंडात टाकून जिन्यापर्यंत जायच्या, पाण्याचा घोट घ्यायच्या, खांदे मागे ओढायच्या आणि परत यायच्या.

"मॅडम, बसा ना दोन मिनिटं."

"बसले की सुस्ती येते. तू जेव."

पायाला भिंगरीच आहे बाईंच्या, असं आम्ही धरून चाललो होतो.

मूळच्या रत्नागिरीकडच्या, राहायला जवळच्याच इंद्रलोक वसाहतीत, एकट्या. मला तपासणीचं काम शिकवलं त्यांनीच. अन्ननलिकेच्या तळाशी स्नायूंचं एक दार असतं. घास आला की ते सैल पडतं, मग मिटतं. नळीच्या टोकाला लावलेला फुगा त्या दारात ठेवून त्यात हळूहळू मिठाचं पाणी भरायचं आणि किती दाबाला दार किती ताणलं जातं, ते पडद्यावर वाचायचं. निरोगी दार सहज रुंदावतं. आजारी दार कधी ताठ राहतं, कधी इतकं ढिलं असतं की आम्ल वर येतं.

"एका मापावर विश्वास ठेवायचा नाही," त्या म्हणायच्या. "फुगा सरकलेला असतो, नाहीतर आपलं लक्ष."

एकदा नया नगरहून एक बाई सुनेला घेऊन आल्या. सून वाळून काडी झाली होती. "खाती नहीं, नाटक करती है," सासू म्हणाली. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आंटी, आप बाहर बैठो. नाटक नापने की मशीन हमारे पास नहीं है." नंतर चढवलेले हातमोजे त्यांनी काढून पुन्हा चढवले. त्या मुलीचं दार ताठ निघालं.

मग नवीन यंत्र आलं. निरोगी माणसांची मापं हवीत म्हणून डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना विचारलं. आम्ही एकेक करून टेबलावर झोपलो. मॅडमना मात्र कधी सर्दी असायची, कधी त्यांनी सकाळी चहा घेतलेला असायचा.

शेवटी मी विचारलं, "मॅडम, तुम्ही घाबरताय का?"

त्या जिन्यापर्यंत गेल्या, परत आल्या. "उद्या उपाशी येते."

डॉक्टरांनी त्यांना गुंगी देऊन नळी घातली, पाणी मी भरलं. दारात आवळलेली फुग्याची कंबर रुंदावेचना. नळी सरकवून पुन्हा भरलं. मग पुन्हा. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले.

जाग आल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, "कितीदा घेतलंस?"

"तीनदा."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा उघडत नाहीय, मॅडम."

त्या छताकडे बघत म्हणाल्या, "म्हणजे आई खरं बोलत होती." त्यांची आई वर्षानुवर्षं घास बाहेर काढायची. वडील म्हणायचे, नखरे आहेत. कोवळ्या वयात ह्यासुद्धा तेच म्हणाल्या होत्या. आई खंगून गेली. पुढे स्वतःचा घास अडकायला लागला, तेव्हा ह्यांनी कोणाला सांगितलं नाही; चालत, पाण्याच्या घोटाने तो खाली ढकलत राहिल्या. आईलाही हेच असेल का, ते आता मोजता येणार नव्हतं. मॅडमना शंका नव्हती.

डॉक्टरांनी आतून तो ताठ स्नायू कापला. घास उतरायला लागला, तरी त्या स्थिर बसायला काही शिकल्या नाहीत. निवृत्त होऊन गावी गेल्या, नव्वदीच्या वडिलांपाशी. पहिल्याच आठवड्यात त्यांचा फोन आला.

"बाबांना माझा रिपोर्ट वाचून दाखवला. आईचंही सांगितलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मग तिला भूक लागायची का? मी म्हटलं, लागायची." मग त्या म्हणाल्या, "सकाळपासून ताट तसंच आहे गं त्यांचं. मी समोर बसून आहे."