अर्ध्यावरचा डाकोन

रोज संध्याकाळी अंगण झाडून झालं की बू वार्सिनी ओसरीत चटई टाकून बसायच्या आणि गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाला म्हणायच्या, "या, बसा ना जरा." जाणारा मान झुकवून "हो, येतोच" म्हणायचा आणि न थांबता पुढं जायचा. योग्याकार्ताच्या त्या वस्तीत बोलावणं हा मान असतो आणि होकारही मानच. खरंच येऊन बसणारा अडाणी ठरतो.

नवरा गेला, मुलगी लग्न होऊन वातेसला गेली, आणि बू वार्सिनींना डाकोन खेळायला कुणी उरलं नाही. नावेसारखा लाकडी पाट, त्यात समोरासमोर खळग्यांच्या रांगा, खळग्यांत चिकूच्या बिया. खळगे म्हणजे शेतं, टोकांचे मोठे खड्डे म्हणजे कोठारं. एकेक बी पेरत जायचं, आपलं कोठार भरायचं. पुढच्या डावाला बिया पुरल्या नाहीत की तेवढी शेतं पडीक. एकाची सगळी शेतं पडीक होईपर्यंत खेळ चालतो, आणि त्याला कितीतरी संध्याकाळी जातात.

विद्यापीठात परदेशी मुलं सहामाहीपुरती शिकायला येत. त्यांच्यासाठी जुन्या खेळांची एक दुपार ठरलेली असे, आणि डाकोनच्या चटईवर बू वार्सिनींना बसवत. मुलं एखादा डाव खेळत, फोटो काढत, की चालली बांबूच्या काठ्यांवर चढायला. "घरी या," त्या प्रत्येकाला म्हणत. सगळी हसून हो म्हणत.

इल्झे मात्र आली. लाटव्हियाची, उंच, चटईवर बसली की पाय कुठं ठेवावेत ते न कळणारी. पत्ता विचारत आली आणि म्हणाली, "इबू, आपला खेळ कुठं थांबला होता?" इबू म्हणजे आई; बू हे त्याचंच छोटं रूप.

"बुदे, ही तर खरंच आली की," शेजारची तुतिक कुंपणावरून हसली. थोरल्या मावशीला म्हणावं तसं ती त्यांना बुदे म्हणायची. "आता जेवायलाही थांबेल बघा."

इल्झे जेवायलाही थांबली. मग येतच राहिली. तिची शेतं पडीक पडत गेली तसं बू वार्सिनी तिला आळशी शेतकरीण म्हणू लागल्या; तीही, इबूच्या कोठारावर दरोडा पडणार, म्हणून चिडवायची. खेळता खेळता त्यांनी तिला वागणंही शिकवलं. मोठ्यांसमोरून वाकून जावं. ताट पुढं केलं की आधी नको म्हणावं. तोंडावर नाही कधी म्हणू नये, निरोप घेताना तर नाहीच. परत येते म्हणावं, म्हणजे मागे राहणाऱ्याला बरं वाटतं. इल्झे सगळं शिकली. "आता तू आमच्यातली झालीस," असं त्या एकदा म्हणाल्यासुद्धा.

सहामाही संपली. शेवटच्या भेटीत इल्झे फाटकाशी वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "रविवारी सकाळी येते, इबू. उरलेला खेळ पुरा करू. विमान रात्रीचं आहे."

किती छान शिकली पोरगी, असं बू वार्सिनींना वाटलं.

रविवारी पहाटेच त्यांनी घराला कुलूप लावलं आणि वातेसची बस धरली. न येणाऱ्या माणसासाठी ओसरीत बसून राहणं त्यांना नको होतं. लेकीकडे दिवसभर त्या नारळ खवत बसल्या. एवढा नारळ कशाला, असं लेकीनं दोनदा विचारलं.

दिवेलागणीला परतल्या तेव्हा तुतिक फाटकातच उभी होती. कुठं होतात, म्हणाली. पोरगी सकाळपासून पायरीवर बसली होती. फोन लावला तर तो आत घरातच वाजत राहिला. ऊन उतरल्यावर गेली बिचारी, विमान चुकेल म्हणून.

बू वार्सिनी कुलूप काढायला वाकल्या. किल्ली पटकन लागेना.

"चहा दिलास तिला?"

"दिला की, बुदे. दोनदा दिला."

"साखर घातली असशील."

"घालणारच ना."

"ती बिनसाखरेचा पिते गं."