बाळंतिणीच्या अंगाचा वास

“फुंक,” कंपाउंडर म्हणला.

माझ्या आईला म्हणला. त्याच्या आईच्या वयाची बाई. अंगाला अंग लागू नये म्हणून हात मागं बांधून तो नुसता नाक पुढं करायचा. आईनं फुंकलं. मग दादानं, मग चुलत्यानं, मग मी. ओसरीवर बसलेली गावातली माणसं बघत व्हती. त्यांना कुणी फुंक म्हणत नव्हतं. दारूबंदीचा कायदा समद्यांना व्हता, पण दवाखान्याच्या दारात तोंडं हुंगायची ती आमच्या ठाकरवाडीचीच. वाडीवरचा माणूस म्हणजे प्यालेला, हे त्यांनी आधीच ठरवून टाकलेलं.

आमची वाडी तिकोना गडाच्या अंगाला, वर डोंगरात. धरणबिरण तवा काय नव्हतं. माझं लग्न व्हायचं व्हतं. थोरली बहीण हिरी पहिल्या बाळंतपणाला आलेली. पोरगी झाली, पण हिरीचं रगत थांबंना. दादानं अन् चुलत्यानं बांबूला गोधडी बांधून झोळी केली अन् तिला उतरवून खाली सडकेच्या दवाखान्यात आणली. तान्ही पोर माझ्याजवळ.

आमच्यात बाळंतिणीच्या कमरेला मोहाची दारू चोळतात. अंग मोकळं व्हतं, थंडी निघती. पाजायची न्हाई, चोळायची. त्या दिवशी आईनं लय चोळली. वाटेत हिरीला गार वारं लागायला नको, म्हणून पाठीला, पोटऱ्यांना, तळपायाला, समदी बाटली रिकामी केली. मायेनं केली.

कंपाउंडर झोळीपाशी वाकला अन् हसायलाच लागला. “ही तर आंघोळ करून आलीय.”

ओसरीवरची माणसंबी हसली.

“प्याली न्हाई साहेब, चोळलीय,” आई म्हणली.

“दारू चोळायची असते होय?”

आतनं डॉक्टरनं नुसती मान काढली. “उतरू दे तिची. मग बघू,” म्हणला अन् आत गेला.

आमी तिला आंब्याखाली ठेवली. आई दाराशी जायची, हात जोडायची, परत यायची. दादा खाली मान घालून बसलेला. गडी माणूस, एका हातानं पोतं उचलणारा, पण त्या दारात त्याच्या तोंडातनं शब्द फुटंना. मीबी गप. आमाला तसंच शिकवलेलं ना, साहेबासमोर बोलायचं न्हाई. गोधडीतनं रगत खाली मातीत उतरत व्हतं. हिरी म्हणली, “पोरीला आण, पाजते.” मी पोर तिच्या छातीशी धरली. तिच्यानं हात उचलंना, म्हणून मीच धरून बसले. दूध काय आलं न्हाई.

डॉक्टर जेवून आला तवा ऊन कललेलं. त्यानं गोधडी वर केली अन् त्याचा चेहरा पडला.

“आधी का नाही सांगितलंत?” म्हणला.

हिरी तितंच गेली. त्याच झोळीतनं तिला वर नेली. वाटभर तिच्या अंगाला मोहाचा वास येत व्हता.

आईनं राखेनं हात घासले. रोज घासायची. मरंस्तवर एकच म्हणत ऱ्हायली, “मीच चोळली. माझ्या हातानं मारली मी तिला.” किती समजावलं, पण न्हाई. त्या डॉक्टरला नीट झोप लागत आसंल, अन् माझी आई राख घेऊन बसायची. ह्याचा राग मला अजून हाय. जाळलं तरी जायचा न्हाई.

पुढं माझं लग्न झालं. हिरीची पोर मीच ठेवून घेतली. लाकडाच्या मोळ्या घेऊन मी लोणावळ्याच्या बंगल्यांवर जायची. एका बंगल्यात साहेब भर दुपारी व्हरांड्यात बाटली घेऊन बसलेला. मी भ्याले. म्हणलं आता पोलीस येतील अन् आपल्यालाच धरतील. तिथली स्वयपाकीणबाई म्हणली, “अगं, परमिट आहे त्यांना. तब्येतीला लागते, असा डॉक्टरांचा दाखलाच आहे.”

मोळी टाकली अन् फाटकाबाहेर जाऊन बसले. तब्येतीला लागते म्हणं. माझ्या बहिणीच्या तब्येतीला कमरेवर लावली, तर ती बेवडी. ह्यांच्या पोटात गेली, तर औषध. कायदा एक, दाखला देणाराबी डॉक्टरच, मग आमच्याच तोंडाला नाक का लावता? तितं बसून मी लय रडले. हिरी गेली तवाबी येवढी रडले नव्हते.

त्याच पावसाळ्यात हिरीच्या पोरीला ताप भरला. डोळे फिरवाया लागली. खांद्यावर टाकून पळत दवाखाना गाठला. कंपाउंडर तोच, जरा पिकलेला.

“फुंक.”

“न्हाई.”

त्याला वाटलं मला ऐकू गेलं न्हाई. “अगं, फुंक.”

“माझ्या तोंडाला काय झालेलं न्हाई. पोर आजारी हाय. तिला बघा.”

“नियम आहे.”

बाकावर गावातली एक मालदार बाई बसलेली. मी म्हणलं, “मग आधी ह्या मावशींचं तोंड हुंगा. मग माझं.”

बाईनं पदर तोंडाला लावला. कंपाउंडर म्हणला, “पोलिसाला बोलवीन.”

“बोलवा,” म्हणलं, अन् पोर मांडीवर घेऊन उंबऱ्यातच बसले. आत जायला वाट न्हाई, बाहेर यायला न्हाई. पोरीचं अंग चटके देत व्हतं. एकदा वाटलं, फुंकून टाकावं, पोर तरी वाचंल. पण हिरीच्या वेळी आमी चौघं फुंकलेलो. वाचली का ती?

बाहेरच्यांना आत जायला वाट मिळंना तवा आतनं डॉक्टर उंबऱ्यापाशी आला. हिरीच्या वेळचा न्हाई, नवा. त्यानं वाकून पोरीच्या कपाळाला हात लावला अन् तिला आत घेतली. ‘आमचं चुकलं’ असं मला कुणी म्हणलं न्हाई, मीबी त्याची वाट बघितली न्हाई.

पोर वाचली. म्हणून हिरीचं मिटलं, असं कुणी समजू नये.

आता वाडीवरची बाळंतपणं मीच करते. बाई अडली की झोळीसंगं खाली जाते, दारात मीच पुढं. कुणी नाक पुढं केलं की सांगते, बाळंतीण आधी खाटेवर घ्या, मग काय इचारायचं ते मला इचारा. तिला झाडाखाली मी ठेवू द्यायची न्हाई. पोलीस आणा, न्हाईतर कुणालाबी आणा, ती आत जाईस्तोवर मी उंबऱ्यातनं उठत न्हाई.