मामांचं बिनपानांचं पुस्तक

पुस्तकं वाचणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण पुस्तकांना शिस्त लावणारा माणूस अख्ख्या सातारा जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका माझ्या वाट्याला मामेसासरा म्हणून आला. मामा फौजेतून सुभेदार होऊन परतले आणि कोरेगावच्या पलीकडे आपल्या गावी ऊस लावू लागले. त्यांचं निम्मं घर उसाच्या पैशावर चालायचं, उरलेलं निम्मं पुस्तकांनी अडवलेलं. नवं पुस्तक दारात आलं की त्याची भरती व्हायची. आधी अंगावर कव्हर चढायचं, तेही जुन्या कॅलेंडरचं, देवाचं चित्र आतल्या बाजूला ठेवून. मग नंबर पडायचा, आणि मगच त्याला फळीवर उभं राहायची परवानगी. पानाचा कोपरा दुमडणं हा शिस्तभंग. आमच्या सौभाग्यवतींनी एकदा भज्याच्या तेलाचा डाग पाडून एक पुस्तक परत केलं, तर मामांनी ते कितीतरी दिवस फळीवर तोंड भिंतीकडे करून उभं ठेवलं होतं. मी विचारलं, "यात पुस्तकाची काय चूक?" तर म्हणाले, "त्यानं पडू का दिला डाग?"

ही पुस्तकं होती इंग्रजी, आणि सगळी खुनांची. कुठल्याशा छावणीत असताना एका साहेबाने बदलीवर जाताना ट्रंकभर रहस्यकथा मागे टाकल्या, आणि मामांनी शब्दकोश मांडीवर घेऊन त्या फस्त केल्या. तेव्हापासून चटक लागली ती लागलीच. दुपारी विहिरीवर मोटर चालू असताना जेवढं वाचून होईल तेवढंच संध्याकाळी शिंप्याच्या दुकानापुढच्या ओट्यावर सांगायचं, असा त्यांचा नेम. ओट्यावरच्या मंडळींपैकी कोणाला इंग्रजीचा गंध नव्हता, पण विलायतेतल्या सरदारांच्या भाऊबंदकीची त्यांना खडान्‌खडा माहिती होती. मामा सांगायचे, "लंडनला लय धुकं. आपल्या पाचगणीला पडतंय तसंच, पर तितं त्यात माणसं मारत्यात." शिंपी मशीनचं पायडल थांबवून ऐकायचा. गिऱ्हाईक आलं तर त्यालाच "थांब रं जरा, खून व्हायलाय" म्हणून बसवून घ्यायचा.

मामांचा एक नियम मात्र वज्रलेप होता. शेवटचं पान आधी बघायचं नाही, कोणाला बघू द्यायचं नाही आणि कोणी बघितलं असेल तर त्याच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही. "शेवट आदी बगणारा गडी म्हंजी लढाईच्या आदी निकाल इचारणारा. त्याला मी पलटणीत घेतला नसता," असं ते म्हणत. ओट्यावर मामांना शेवट ठाऊक नसे, तसा शिंप्यालाही नसे, आणि त्या बाबतीत दोघे अगदी बरोबरीचे, याचा मामांना फार अभिमान होता.

अशा माणसाचे डोळे जावेत हा काय न्याय झाला? आधी ओळी वाकड्या दिसू लागल्या, मग अक्षराच्या मधोमध डाग येऊ लागला. मी त्यांना मिरजेला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळ्यांत थेंब घालून, दिवे मारून पाहिलं आणि हळू आवाजात सांगितलं की डोळ्याच्या मागचा पडदाच झिजतो आहे, चष्म्याने भागायचं नाही, आणि पुढे आणखी कमी होत जाईल. मामांनी एकच विचारलं, "वाचन?" डॉक्टर म्हणाले, "मोठी अक्षरं वाचा, जमेल तोवर." परतताना सांगलीच्या स्टँडवर मामा भडंग घ्यायचं विसरले. आजवर असं कधी झालं नव्हतं. मी म्हटलं, "मामा, मी दर रविवारी येऊन वाचून दाखवतो." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "दुसऱ्यानं चावून दिलेलं खायाचं वय न्हाई झालं माजं, पावणं." त्यानंतर ओटा ओस पडला. नव्या पुस्तकांना कव्हरं चढेनात. मामी तर म्हणाल्या, "आवं, ते आता माज्याशी बी भांडत न्हाईत."

शतक संपत आलं होतं. त्या वर्षी गणपतीला मामांचे चिरंजीव अमेरिकेहून आले आणि येताना एक यंत्र घेऊन आले. काळी पाटी, एका कडेला धरायला जाडसर मूठ, मधे काच. त्या काचेत पुस्तक होतं. एक नव्हे, सात-आठ पुस्तकं, सगळी खुनांची. आतून उजेड पडायचा आणि अक्षरं हवी तेवढी मोठी करता यायची. चिरंजीवांनी अक्षरं मोठी केली, मामांनी मान तिरकी केली (सरळ बघितलं की डाग आडवा यायचा, म्हणून दाणे टिपणाऱ्या कोंबडीसारखं कडेने बघायचं त्यांनी शिकून घेतलं होतं) आणि एक अख्खं वाक्य मोठ्याने वाचलं. मग दुसरं. मामी चहाचा कप हातात घेऊन दारातच उभ्या राहिल्या.

त्यानंतरचे दिवस म्हणजे घरात नवा जावई आल्यासारखी धामधूम. मामा त्या यंत्राला शिकवत होते की यंत्र मामांना, हे शेवटपर्यंत कळलं नाही. जन्मभर पान उलटायच्या आधी बोट जिभेला लावायची सवय. आता पान उलटायला बटण, तरी बोट जिभेला लागल्याशिवाय बटण दाबलं जायचं नाही. चिरंजीव ओरडायचे, "आबा, करंट आहे त्यात!" मामा म्हणायचे, "मग बरंच की. जागं ऱ्हातो माणूस." आणि कव्हर? कव्हराविना पुस्तक मामांच्या घरात राहूच शकत नव्हतं. तेव्हा कॅलेंडर आलं, कात्री आली, काचेपुरती एक खिडकी आणि बटणांपुरती दोन भोकं कापली गेली, नंबर पडला. मोठी अक्षरं केली की काचेवर मजकूर कमी मावतो आणि पानं वाढतात, हे कळल्यावर ते चकित झाले. "आरं, माज्या दाबण्यानं पुस्तक वाडतंय," असं त्यांनी ओट्यावर जाहीर केलं, आणि शिंपी म्हणाला, "मग दाबा की आनकी जरा. संपायला नगंच." तळाला एक बारीक पट्टी होती, वाचत जाल तशी ती काळी होत जायची. त्या पट्टीवर बोट लावायचं नाही, लावलं की पुस्तक एकदम तिथे उडी मारतं, असं चिरंजीवांनी परोपरीने बजावलं आणि ते अमेरिकेला परतले.

ओटा पुन्हा भरला. एका मेजरच्या बंगल्यातल्या खुनाची कथा सुरू झाली आणि खंडेनवमी येईपर्यंत ती ऐन रंगात आली होती. खंडेनवमीला मामांच्या देवघरापुढे विळे-कोयते, ट्रॅक्टरचे पाने, त्यांची बंदूक आणि पुस्तकं अशी सगळी हत्यारं पूजेला मांडतात. तिथे या नव्या हत्याराचाही मान होताच. मामांनी ते पेटवून, आपलं पान उघडं ठेवून पाटावर मांडलं. मामींनी प्रत्येक वस्तूला हळदकुंकू वाहिलं, यंत्रालाही वाहिलं, आणि कुंकवाचं बोट टेकलं ते नेमकं तळाच्या पट्टीवर, पार उजव्या टोकाला. मामा नमस्काराला वाकले तर पट्टी काळीकुट्ट. त्यांनी डोळे गच्च मिटले आणि तसेच चाचपडत मागे सरकले.

"आवं, काय झालं? साप हाय काय?" मामींनी विचारलं.

"शेवट हाय," मामा म्हणाले.

थोड्या वेळाने काच आपोआप मालवली. पण पुन्हा जागं केलं की तेच पान समोर येणार. आणि पूजेला मांडलेली वस्तू दसऱ्यापर्यंत हलवायची नाही, ही घराण्याची रीत. काच कधी पेटेल याचा नेम नाही, म्हणून त्या दिवशीची सांज आणि दसऱ्याची सकाळ मामांनी देवघराच्या उंबऱ्याबाहेरून, देवांकडे पाठ करून नमस्कार केला. "सोळा सोमवार केले, सगळं केलं, पर देवाला पाठ दावणारा नवरा पदरी पडंल असं वाटलं नव्हतं," हे मामींचं म्हणणं.

दसऱ्याच्या संध्याकाळी मामा टॉवेलात गुंडाळलेलं यंत्र छातीशी धरून एस.टी.ने साताऱ्याला आमच्या घरी हजर. हातावर सोनं ठेवलं, श्रीखंड नको म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून बसले. "पावणं, ह्याला मागं न्या. जेवताना बत्ती जाती आन मेजर वरडतो, तितवर. वाचायचं न्हाई. नुस्तं मागं न्यायचं." आता न वाचता जागा शोधायची कशी, हे मला कोणी सांगावं. मी यंत्र जागं केलं आणि पहिल्याच नजरेत खून कोणी केला ते दिसलं. मग बटण दाबत दाबत मागे येत राहिलो, मामा भिंतीला विचारत राहिले, "घावलं का?" शेवटी एकदाची बत्ती गेली आणि मेजर ओरडला. मामांनी वळून माझ्या चेहऱ्याकडे तिरकं पाहिलं. "तुमी बगितलंत." मी म्हटलं, "बघितलं, मामा." त्यांनी मोठा श्वास सोडला. "आता हे संपंस्तवर ओट्याकडं फिरकू नका. तुमचं तोंड लय बोलकं हाय." आणि मग कुठे श्रीखंड खाल्लं.

मला तडीपार करून कथा पुढे चालली. पण तिच्याहून वेगाने डोळे चालले होते. मामी निरोप पाठवायच्या: अक्षरं आणखी मोठी केली, आणखी एक घर वाढवलं, आता वाढवायला जागा नाही. एका काचेवर चार-पाच शब्द मावायचे. ओट्याला रोज दोन-तीन वाक्यं मिळू लागली. शिंप्याने मात्र त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. उलट त्या दोन वाक्यांवर मंडळी तासभर खल करायची. आणि माघातल्या एका सकाळी सोसायटीच्या फोनवरून मामांचा आवाज आला, "या आज. शेवटलं पान हाय."

मी पोचलो तेव्हा ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. मामा कोट घालून बसले होते. मला त्यांनी शेजारी बसवलं. बोट जिभेला, मग बटणाला, आणि वाचन सुरू झालं. एक शब्द. मान तिरकी. दुसरा शब्द. मग तेवढ्याचं मराठी. शिंप्याने पैज लावली होती ती स्वयंपाक्यावर, बाकीच्यांची मेजरच्या पुतण्यावर. नाव आलं त्या ओळीवर मामा अडले. एका बाजूने पाहिलं, दुसऱ्या बाजूने पाहिलं, यंत्र जवळ नेलं, लांब धरलं. कपाळावर घाम आला. मला ते नाव महिनोन्‌महिने ठाऊक होतं आणि ते ओठांपर्यंत आलं होतं. मी वाकलो, तर मामांनी माझ्याकडे न बघता हात वर केला. मग मामांचे ओठ हलले, एकेक अक्षर जुळवत.

"डागदर," मामा म्हणाले. "आरं, डागदर निघाला की!"

ओट्यावर जो गलका झाला तो पार वेशीपर्यंत ऐकू गेला असेल. कोणी म्हणे मला आधीच वाटलं होतं, कोणी म्हणे नाडी बघणाराच नाडी बंद करतो, शिंपी पैज हरूनही सगळ्यांना चहा सांगत सुटला. मामांचा चेहरा तर असा फुलला होता की त्यांच्या सुभेदारीच्या दिवशीही फुलला नसेल. त्या सगळ्या गडबडीत त्यांनी यंत्राचं बटण बंद केलं, कव्हर नीट केलं आणि ते माझ्या मांडीवर ठेवलं. "फुडलं तुमी वाचून दावा," इतकंच म्हणाले. मिरजेहून परतलो तेव्हापासून मी या वाक्याची वाट पाहत होतो, आणि ते कानावर आलं तेव्हा मला रडू आवरेना. मी चहाचं निमित्त करून उठलो.

त्यानंतर दर रविवारी मी जात असे. मी वाचायचो, मामा डोळे मिटून ऐकायचे आणि संध्याकाळी ओट्यावर सांगायचे, पहिल्यासारखंच रंगवून. कागदाचं पुस्तक असतं तर उरलेली पानं चिमटीत धरून त्यांना कळलं असतं की शेवट किती जवळ आलाय. या पाटीत बोटांना ते कळायची सोय नव्हती, आणि तळाची पट्टी आता त्यांना दिसत नव्हती. म्हणून मधेच ते विचारायचे, "किती ऱ्हायलं, पावणं?" पट्टी काळी होत आलेली असायची. मी म्हणायचो, "पुष्कळ आहे अजून, मामा."