मदिनामावशीची साक्ष

मदिनामावशी चावडीत आली की आधी बरोबरच्या पोरांच्या टाळूवर हात ठेवायची आणि मगच त्यांची नावं सांगायची. "ही चंपा. नागपंचमीच्या आदल्या दिशी झाली, पायाळू. ह्यो नामा, हिच्या पाठचा. लिवा मास्तर, मी काढलेली पोरं हायत, चुकायची न्हाईत."

लढाईचे दिवस होते. पावसानं सलग पाठ फिरवलेली, वडूजच्या भागात जोंधळा डोळ्यांनी दिसेना. सरकारनं रेशनची कार्डं काढली आणि ती लिहायला आम्हा शाळामास्तरांना चावडीत बसवलं. पहिले चार दिवस खातीपिती माणसं तेवढी आली. ज्यांच्या घरी खरी उपासमार, ती फिरकेनात. कार्डावर नाव चढलं की पोराला पलटणीत नेतात, अशी वावडी उठली होती.

ती मोडली मदिनामावशीनं. ती पिंजाऱ्याची विधवा, साठीच्या पुढची, आसपासच्या पाच गावांची सुईण. प्रत्येक घराच्या माजघरापर्यंत तिचा हात पोचलेला. दारोदार जाऊन ती बायांना म्हणायची, "अगं, पलटणीत न्यायला पोर जगाय तर पायजे! ऊठ, चल माझ्यासंगं." जन्माची नोंद कुणाकडेच नसे. कुटुंबात माणसं किती, याला तिचा शब्द हाच पुरावा. एकदा एका घरानं एक पोर वाढवून सांगितलं, तर तिनं तिथंच झापलं, "ते गेलं की गं दोन वर्सामागं. मेलेल्याच्या नावानं खाऊ नगंस."

मग हिराचं प्रकरण आलं. हिराचा नवरा तापानं गेला होता आणि दिरानं तिला दोन मुलींसकट गोठ्यात काढलं होतं. कार्ड दिराच्या नावावर. त्यात या तिघींची नावं होती, पण त्यांच्या वाट्याचं धान्य दिराच्या घरातच राही. मदिनामावशी तिला घेऊन आली. वेगळं कार्ड मिळायला वेगळी चूल हवी, असा नियम होता. मी अर्ज लिहून तालुक्याला पाठवला.

चौकशीला साहेब आले. मी, तलाठी आणि मदिनामावशी बरोबर होतो. गोठ्याच्या कोपऱ्यात तीन दगडांची चूल होती. साहेबांनी वाकून पाहिलं. चूल झाडून ठेवल्यासारखी स्वच्छ.

"राख कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

हिरा खाली बघत म्हणाली, "राख पडाय कायतरी शिजाय लागतंय, साहेब."

"आवं साहेब, आठ दिस झालं," मदिनामावशी पुढं झाली, "पोरी चिंचंचा पाला खात्यात. मी सांगती न्हवं? माझ्या हातच्या हायत पोरी."

साहेब दुष्ट नव्हते. त्यांना संध्याकाळपर्यंत आणखी तीन गावं करायची होती. ते मला म्हणाले, "लिहा. चूल वापरात नाही. कुटुंब एकत्र. अर्ज नामंजूर."

"साहेब, पण..." मी म्हणालो.

"मास्तर, चूल चालू असल्याची खात्री करा, असा हुकूम आहे. तुम्ही वाचलाय ना?"

मी वाचला होता. मी लिहिलं. वळणदार अक्षरात लिहिलं, याची आज जास्त लाज वाटते.

पंधरवड्यात हिराची धाकटी मुलगी गेली. तिला पुरायला न्यायच्या आधी मदिनामावशीनंच आंघोळ घातली. पुढच्या आठवड्यात हिरा थोरलीला घेऊन कृष्णाकाठाकडे, सांगलीच्या बाजूला गेली. नेमकी कुठं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

 मदिनामावशी बाया आणतच राहिली. पण त्यानंतर चौकशीला जावं, तर गार पडलेल्या घरातसुद्धा चुलीत राखेचा ढीग असायचा. एकदा मी तिच्या हातांकडे पाहिलं. बोटं राखेनं माखलेली. जन्मात खोटं नाव न सांगितलेली ती बाई माझ्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाली, "लिवा मास्तर. चूल येगळी हाय." मी लिहिलं.

कार्डं झाली, पण दुकानात धान्य येईलच असं नव्हतं. बाया कार्ड पदरात बांधून दिवस मावळेपर्यंत बसत. "तुझ्या नादानं नुसतं हेलपाटं," म्हणून तिलाच बोलत. ती उठून जात नसे. त्यांच्यातच बसून ऐकून घेई.

माझी शिराळ्याला बदली झाली, तेव्हा ती निरोपाला आली. म्हणाली, "मास्तर, जाताजाता हिराचं कारड लिवून ठेवा की. ती नि तिची थोरली, दोनच नावं. परत आली तर हुबं ऱ्हायला कायतरी हुईल."

"मावशी, माणूस हजर नसताना कार्ड लिहिता येत नाही."

"मी सांगती की, हायत म्हणून."

मी मान हलवली. नाही म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. "तुमी तरी काय करनार."

ती गुडघ्यावर हात टेकून उठली, पायरी उतरली आणि उन्हातून चालू लागली. दोन वर्षांनी मावशी वारल्याचं कळलं. हिरा परत आली का, हे विचारायला मी त्या गावी कधी गेलो नाही.